अटींची वही

खजुराहो येथील दहाव्या शतकातील पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा एक लहानसा चौकोन दगडात कोरलेला आहे. मंदिरात येणाऱ्याची दृष्टी बहुधा शिल्पांकडे जाते. या चौकोनापाशी थांबतो तो आकड्यांची आवड असलेला एखादाच. १ ते १६ हे अंक त्यात प्रत्येकी एकदाच आलेले आहेत आणि त्यांची मांडणी अशी आहे :

७, १२, १, १४
२, १३, ८, ११
१६, ३, १०, ५
९, ६, १५, ४

कोणतीही आडवी ओळ घ्यावी, कोणतीही उभी ओळ घ्यावी, दोन्ही कर्ण घ्यावेत. बेरीज ३४ च येते. शेजारशेजारच्या चार घरांचा कोणताही लहान चौकोन घेतला तरी ३४ च. म्हणूनच त्याला ‘चौतीसा यंत्र’ असे नाव मिळाले.

सोळा अंक सोळा घरांत मांडण्याचे एकूण प्रकार २० लाख ९२ हजार कोटींहून अधिक आहेत. त्यांपैकी ओळी, स्तंभ व कर्ण यांची बेरीज ३४ येईल अशा मांडण्या फिरवलेल्या आणि आरशातल्या प्रतिमा वेगळ्या न धरता अवघ्या ८८० आहेत. अधिक लहान प्रमाणावरही हाच अनुभव येतो. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात वस्तूंच्या समूहातून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतात याचा सर्वसाधारण नियम दिला. त्या नियमाने सोळा अंकांतून चार अंक १८२० प्रकारे निवडता येतात. त्यांपैकी ज्यांची बेरीज ३४ होते असे गट फक्त ८६. एक साधी अट घातली आणि १८२० पैकी १७३४ पर्याय नाहीसे झाले. अट ही केवळ अडवणूक नसते. ती शोधणाऱ्याचे ओझेही हलके करते.

या चौकोनाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला, तो कसा तयार करावा? दुसरा, तो कशाला म्हणावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कृती : आधी हा अंक येथे ठेवा, मग तो तेथे. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे लक्षण : अंक एकदाच यावेत, प्रत्येक ओळीची बेरीज ३४ व्हावी. संगणकाला काम सांगण्याची रूढ पद्धत पहिल्या प्रकारची आहे. पाककृतीत जसे आधी फोडणी, मग डाळ, मग पाणी असे क्रमाने सांगितलेले असते, तशी आज्ञांची एक माळ यंत्राला दिली जाते. परंतु गेल्या अर्धशतकात एक दुसरी परंपराही वाढली. तिच्यात माणसाने फक्त लक्षण सांगायचे, अटी मांडायच्या. शोधण्याची जबाबदारी यंत्राची. तिला लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणतात.

या परंपरेची मुळे तर्कशास्त्रात आहेत. १९६५ साली जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी यंत्राला सहज वापरता येईल असा अनुमानाचा एकच नियम मांडला. त्याच्या आधारे दिलेल्या विधानांतून नवे विधान निघते की नाही, हे पायरीपायरीने तपासता येऊ लागले. एडिंबरोमध्ये रॉबर्ट कोवाल्स्की या नियमाचा अभ्यास करीत होते, तर फ्रान्समधील मार्सेय येथे ॲलन कोल्मेरॉएर आणि फिलिप रूसेल हे यंत्राला फ्रेंच वाक्ये समजावीत या प्रयत्नात होते. या दोन वाटा एकत्र आल्या आणि १९७२ साली मार्सेयमध्ये प्रोलॉग ही भाषा जन्माला आली. ‘तर्कातून आज्ञावली’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे ते संक्षिप्त रूप. ते रूसेल यांच्या पत्नीने सुचवले होते. पुढे १९७९ साली कोवाल्स्की यांनी या विचाराचे सार एका सूत्रात सांगितले : कार्यपद्धती म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. काय हवे ते तर्काने सांगावे; ते कोणत्या क्रमाने शोधायचे, हे नियंत्रण ठरवील. हे दोन भाग वेगळे आहेत, हे ओळखण्यातच त्या सूत्राचे महत्त्व आहे.

प्रोलॉगची ओळख करून देताना बहुतेक शिक्षक वंशावळीचे उदाहरण घेतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ते विशेष जवळचे वाटेल. यंत्राला प्रथम काही नोंदी दिल्या जातात : अ हा ब चा पिता आहे, ब ही क ची माता आहे. मग एक नियम दिला जातो : एखादा पुरुष ज्या अपत्याचा पिता आहे, ते अपत्य दुसऱ्या कोणाचे पिता किंवा माता असेल, तर तो पुरुष त्या दुसऱ्याचा आजोबा. एवढेच. आजोबा कसे शोधायचे, हे कोठेही लिहिलेले नाही. तरी ‘क चे आजोबा कोण?’ असे विचारले की उत्तर मिळते, अ. आणि त्याच नोंदींना, त्याच नियमाला उलट बाजूने विचारले, ‘अ ची नातवंडे कोण?’, तरीही उत्तर मिळते, क. कृती एकाच दिशेने चालते. पिठाची भाकरी होते, भाकरीचे पीठ होत नाही. नाते मात्र दोन्हीकडून वाचता येते. खतावणीतले एखादे खाते जसे ‘याच्याकडून किती येणे आहे’ यासाठीही पाहता येते आणि ‘हजाराहून अधिक येणे कोणाकडून आहे’ यासाठीही, तसेच हे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कापडाचे एक जुने दुकान आहे. तीन पिढ्यांचा व्यवहार, गादीवर बसण्याची जुनी रीत आणि गल्ल्याच्या मागे भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. त्या घरातील नात पुण्यात संगणकशास्त्र शिकते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा वडिलांनी तिच्यावर एक काम सोपवले. सोमवार ते शनिवार सहा दिवस दुकान रात्री दहापर्यंत उघडे ठेवायचे होते. रोज रात्री गल्ल्यावर एक आणि कापड दाखवायला एक, अशी दोन माणसे हवी होती. गल्ला सांभाळू शकणारे दोघे होते, थोरले दिवाणजी आणि धाकटे दिवाणजी. कापड दाखवणारे तिघे. दरवर्षी या पाळ्यांवरून कुरबुर होई. या वर्षी यंत्राकडून पाळ्या लावून घेतल्या तर कोणाला बोलायला जागा राहणार नाही, असा वडिलांचा विचार.

नातीने प्रोलॉगमध्ये अटी लिहिल्या. रोज गल्ल्यावर एक जण हवा. रोज कापडावर एक जण हवा. कोणालाही लागोपाठ दोन रात्री थांबावे लागू नये. यंत्राने क्षणात यादी दिली. थोरल्या दिवाणजींना सोमवार, बुधवार, शुक्रवार; धाकट्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार. कापडावर पहिल्याला सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुसऱ्याला मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिसऱ्याचे नाव कोठेच नव्हते.

ओसरीवर बसलेल्या आजोबांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारले, “बेटा, या तिसऱ्याने काय पुण्य केले आहे, की त्याला एकही रात्र नाही?”

“पुण्य काही नाही, आजोबा. त्याचे नाव यादीत शेवटी आहे, एवढेच. यंत्र वरून खाली नावे पाहत जाते आणि अटीत बसेल तो पहिला माणूस घेते. सोमवारी पहिला बसला. मंगळवारी पहिला चालत नाही, म्हणून दुसरा. बुधवारी पुन्हा पहिला चालतो. तिसऱ्यापर्यंत जायची वेळच येत नाही.”

“पण हे न्यायाचे नाही.”

“न्यायाची अट मी लिहिलीच नव्हती.”

नातीच्या त्या एका वाक्यात या विद्येचा पहिला धडा आहे. माणसाला काम सांगितले तर न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तो आपणहून सांभाळतो. दिवाणजींना पाळ्या लावायला सांगितल्या असत्या तर सारखी वाटणी करावी, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसते. निदान एकाला पूर्ण सूट देताना त्यांना संकोच वाटला असता. यंत्राला संकोच नाही. जे लिहिले ते ते अक्षरशः पाळते, आणि जे लिहिले नाही त्याच्या बाबतीत त्याला सर्व पर्याय सारखेच. त्याने दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. ते अपुऱ्या प्रश्नाचे अचूक उत्तर होते.

नातीने नवी अट घातली : कोणालाही दोनपेक्षा अधिक रात्री नकोत. कापडावरच्या तिघांचे कोडे आता यंत्राने कसे सोडवले, ते पाहण्यासारखे आहे. सोमवारी पहिला, मंगळवारी दुसरा, बुधवारी पहिला, गुरुवारी दुसरा. पहिल्या दोघांच्या दोन-दोन रात्री संपल्या, म्हणून शुक्रवारी तिसरा. आता शनिवारी कोण? पहिल्या दोघांची मर्यादा भरली आणि तिसरा शुक्रवारीच थांबलेला. वाट बंद. यंत्र तेथे अडून बसले नाही; ते मागे फिरले. शुक्रवारला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून आणखी एक पाऊल मागे, गुरुवारी. तेथे दुसऱ्याऐवजी तिसरा बसवला. मग शुक्रवारी दुसरा आणि शनिवारी पुन्हा तिसरा. पहिल्याला सोमवार-बुधवार, दुसऱ्याला मंगळवार-शुक्रवार, तिसऱ्याला गुरुवार-शनिवार. सर्व अटी पाळल्या गेल्या. चुकलेल्या वाटेने नेमके आवश्यक तेवढेच मागे येणे आणि उरलेला प्रवास जपणे, ही प्रोलॉगची शोधाची रीत.

आजोबा म्हणाले, “हे तर मी बोटांवरही केले असते.” ते खरेच होते. तीन माणसे आणि सहा रात्री यांच्या मांडण्या ७२९ होतात. त्यांतून वाट काढायला यंत्र लागत नाही. पण वीस माणसे आणि तीस रात्री असतील, तर मांडण्यांची संख्या १ वर ३९ शून्ये दिल्यावर होते त्याहूनही मोठी असते. तेथे एकेक मांडणी पाहत जाणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे. अशा सर्व कोड्यांवर हमखास वेगाने चालणारी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही. म्हणून या परंपरेला एक नवी फांदी फुटली. १९७७ साली ॲलन मॅकवर्थ यांनी अटींच्या जाळ्यातून अशक्य पर्याय आधीच कसे गाळावेत याचा पद्धतशीर विचार मांडला आणि १९८७ साली जोक्सान जाफर व ज्याँ-लुई लासे यांनी तर्कभाषा आणि अटी सोडवणारी यंत्रणा यांचा मेळ एका सिद्धांतात घातला.

गाळणे म्हणजे काय, हे चौतीसा यंत्रावरच दिसते. एखाद्या ओळीत १६ आणि १५ ठेवले की बेरीज ३१ झाली. उरलेल्या दोन घरांत मिळून ३ च यायला हवेत. म्हणजे तेथे १ आणि २ यांशिवाय दुसरे काही येऊच शकत नाही. आणि १६, १५ यांच्या शेजारी कोणी ४ ठेवू पाहील तर बेरीज तिथेच ३५ झाली; चौथ्या घराकडे पाहण्याचीही गरज नाही. भोळी पद्धत सोळा घरे भरून मग बेरजा तपासते. शहाणी पद्धत प्रत्येक अंक ठेवताच त्याचा परिणाम शेजारच्या घरांत पोहोचवते आणि जे होणार नाही ते आधीच खोडते. अनुभवी व्यापारी माल उचलण्यापूर्वीच भाडे, कर आणि उधारीचे दिवस मनात मांडून ‘हा सौदा जमणार नाही’ असे म्हणतो, तो याच प्रकारे. विमानांवरील कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, कारखान्यांतील यंत्रांची वेळापत्रके, शाळांतील तासांची आखणी अशा कामांत आज याच विचाराची साधने वापरली जातात.

दुकानातील कापडाच्या पाळ्या लागल्या, पण गल्ल्याच्या बाबतीत यंत्राने एकच शब्द दिला : नाही. नातीने अटी पुन्हा तपासल्या. लिहिण्यात चूक नव्हती. प्रोलॉग ‘नाही’ म्हणते, पण ‘का नाही’ ते सांगत नाही. ते शोधणे माणसाकडे येते. कारण साधे निघाले. रात्री सहा, गल्ला सांभाळणारे दोघे, प्रत्येकी फार तर दोन रात्री. दोन दुणे चार. सहा होत नाहीत.

वडील म्हणाले, “मग दिवाणजींच्या बाबतीत ती दोन रात्रींची अट काढून टाक. त्यांना तीन-तीन रात्री नव्या नाहीत.”

आजोबांनी विचारले, “याशिवाय आणखी एक अट आहे, ती तू लिहिलीस का गं?”

“कोणती?”

“गल्ल्यावर रात्री घरातले कोणी बसायचे नाही, ही. तू दोघांचीच नावे घातलीस, म्हणजे ती अट न लिहिताच घातलीस.”

घरात चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यानंतर पाणीही नाही. पूर्वी घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि दुकानातून पायी निघून दिवस मावळण्याच्या आत जेवायला बसायचे तर पाच वाजताच उठावे लागे. परत येणे होत नसे. तेव्हापासून रात्री गादीवर घरातले कोणी बसत नाही, अशी रीत पडली. पुढे दुकानाच्या वरच राहते घर झाले. अंतर बारा पायऱ्यांचे उरले. रीत मात्र तशीच राहिली.

आजोबा म्हणाले, “सूर्यास्तापूर्वी जेवणे, ही अट. ती सुटायची नाही. सूर्यास्तानंतर गल्ल्यावर न बसणे, ही आपली सोय. व्रताने ती कधी मागितलीच नव्हती. दिवाणजींची अट मोडण्याआधी आपली सोय मोडू. गुरुवार आणि शनिवार मी बसेन.”

नातीने तिसरे नाव घातले आणि यंत्राने लगेच यादी दिली.

अटी सोडवणाऱ्या यंत्रणांच्या अभ्यासकांनी या दोन प्रकारांना वेगळी नावे दिली आहेत : कठोर अटी आणि लवचीक अटी. कठोर अट मोडली तर उत्तर उत्तरच राहत नाही. लवचीक अट मोडली तर किंमत मोजावी लागते, पण उत्तर मान्य होते. प्रत्येक लवचीक अटीला वजन देऊन यंत्र सर्वांत कमी किमतीची मांडणी शोधू शकते. मात्र कोणती अट कठोर आणि कोणती लवचीक, हे यंत्र ठरवत नाही. ते लिहिणाऱ्याने सांगायचे असते. येथेच माणसाची परीक्षा होते, कारण स्वतःची सोय कठोर अटींच्या रकान्यात आणि दुसऱ्याची अडचण लवचीक अटींच्या रकान्यात मांडण्याची सवय फार जुनी आहे. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. दिवाणजींच्या दोन रात्री त्यांना इच्छा वाटली आणि घराची रीत नियम वाटला, इतकेच. यंत्राच्या रोकड्या ‘नाही’मुळे दोन्ही गोष्टी एकाच वहीत, शेजारशेजार लिहाव्या लागल्या.

यादी भिंतीवर लावण्यापूर्वी आजोबांनी आणखी एक विचारणा केली. “रात्री थांबण्याची अडचण कोणाकोणाला आहे, ते तू लिहिले आहेस?”

“कोणाचीच अडचण नोंदलेली नाही, आजोबा. म्हणून यंत्राने कोणालाच अडचण नाही असे धरले.”

“नोंदलेली नाही, की विचारलेली नाही?”

तर्कभाषांच्या अभ्यासातील एक अतिशय नाजूक जागा आजोबांच्या या प्रश्नाने नेमकी दाखवली. प्रोलॉगमध्ये एखादी गोष्ट दिलेल्या नोंदींवरून सिद्ध करता आली नाही, तर ती खोटी मानली जाते. १९७८ साली एकाच ग्रंथात कीथ क्लार्क आणि रेमंड रायटर यांनी या प्रथेचा काटेकोर विचार केला. रायटर यांनी तिला ‘बंद जगाचे गृहीतक’ असे म्हटले : माझ्या वहीत आहे तेवढेच जग, त्याबाहेर काही नाही. काही ठिकाणी हे गृहीतक अगदी योग्य असते. एसटीच्या वेळापत्रकात सकाळी सातची गाडी लिहिलेली नसेल, तर ती गाडी नाहीच असे मानायला हरकत नाही, कारण प्रत्येक गाडी लिहावी यासाठीच तो फलक असतो. पण रुग्णाच्या कागदावर एखाद्या औषधाची बाधा लिहिलेली नाही म्हणून ती बाधा नाहीच, असे मानणे घातक ठरू शकते. कदाचित कोणी विचारलेच नसेल.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. पण त्याला एक अट जोडली. वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर घागर नाही; अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आणि स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांतील अंतर वेगळे समजावून देण्याची गरज नसावी. साध्या प्रोलॉगला मात्र हे अंतर आपोआप कळत नाही. ज्याला ते हवे असेल त्याने ‘माहीत नाही’ हीदेखील एक नोंद म्हणून स्वतः लिहावी लागते.

नातीने दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारले. थोरल्या-धाकट्या दिवाणजींची तक्रार नव्हती. कापडावरच्या दुसऱ्याने प्रथम ‘काही नाही, ताई’ असेच म्हटले. पुन्हा विचारल्यावर कळले की त्याच्या गावाची शेवटची एसटी साडेनऊला सुटते. मागच्या दिवाळीत उशीर झाला त्या रात्री तो दुकानातच तागांच्या गठ्ठ्यांवर झोपला होता आणि सकाळी सर्वांच्या आधी उठून त्याने दुकान झाडून ठेवले होते. कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

ही अट लिहिताच कापडाच्या पाळ्यांतही यंत्र म्हणाले : नाही. पहिला आणि तिसरा मिळून चारच रात्री. सहा पुऱ्या होत नाहीत. या वेळी सोडून देण्यासारखी अट उरली नव्हती. त्या माणसाची अडचण खरी होती, वाटणीचा न्याय खरा होता आणि दुकान सहाही रात्री उघडे ठेवायचे होते. तेव्हा वडीलच म्हणाले, “मंगळवारी आणि शुक्रवारी मी गाडीने त्याला घरी सोडून येईन.” अट कोणतीच गेली नाही, शेवटची गाडी साडेनऊची होती, ती दहाची झाली. कधी कधी कोड्याचे उत्तर कोड्यात नसते. नोंदीच बदलाव्या लागतात, आणि त्या यंत्राच्या नव्हे तर घरच्या माणसाच्या हातात असतात.

या भाषांच्या इतिहासातही मोठ्या अपेक्षांचा आणि त्यांच्या मर्यादांचा एक अध्याय आहे. १९८२ साली जपानने ‘पाचव्या पिढीचा संगणक’ ही महत्त्वाकांक्षी राष्ट्रीय योजना आखली आणि तिच्या पायाशी लॉजिक प्रोग्रॅमिंग ठेवले. तर्क करणारी वेगवान यंत्रे तयार झाली की माणसाप्रमाणे विचार करणारे संगणक दूर नाहीत, अशी हवा त्या काळी जगभर होती. दहा वर्षांत संशोधन पुष्कळ झाले, परंतु अपेक्षित क्रांती घडली नाही. माणसाला जे ठाऊक असते ते सर्व नियमांत लिहून काढणे हेच सर्वांत अवघड काम निघाले. दरम्यान ही भाषा गर्दीच्या रस्त्यावरून बाजूला झाली, पण नाहीशी झाली नाही. जेथे अटी स्पष्ट आहेत आणि उत्तर पूर्णपणे बरोबर असणे आवश्यक आहे, तेथे तिचे वंशज आजही शांतपणे काम करीत आहेत.

आजच्या काळी यंत्रे उदाहरणांच्या ढिगाऱ्यांतून शिकतात आणि सफाईने उत्तरे देतात. त्यांनी अमुक उत्तर का दिले, हे पुष्कळदा त्यांच्या निर्मात्यांनाही नीट सांगता येत नाही. अटींवर चालणाऱ्या यंत्राचे तसे नाही. त्याची वही उघडी असते. कोणती अट कोणी लिहिली आणि कोणाचे नाव कोठे राहून गेले, हे वाचता येते. व्यापारी घरांना अशा वहीचे मोल वेगळे सांगायला नको. हिशेब चोख असणे हे बेरीज बरोबर येण्यावर थांबत नाही; प्रत्येक देणे वहीवर चढले आहे की नाही, तेही पाहावे लागते.

यंत्राकडे काम सोपवण्याचे दिवस वाढतच जाणार आहेत. पाळ्या, वाटण्या, कर्जाचे निर्णय, प्रवेशाच्या याद्या, सर्व काही. अशा वेळी ‘यंत्राने ठरवले’ हे वाक्य कानावर पडले, तर एवढे विचारायला हवे : अटी कोणी लिहिल्या, आणि ज्यांच्यावर त्या लागू होणार त्यांना कोणी विचारले? उत्तर शोधण्यात यंत्र माणसाच्या कितीतरी पुढे जाईल. पण कोणाची अडचण अट म्हणून लिहायची आणि स्वतःच्या कोणत्या सोयीला अट म्हणायचे नाही, हा विवेक मात्र वही लिहिणाऱ्याकडेच राहील.